अकरा उमेदवार, आठ खिडक्या

ताईला ते कळलं एका आकड्यावरून, आणि तेही कपड्यांच्या घड्या घालता घालता.

सुट्टीचा दिवस होता. घराच्या पुढच्या बाजूला तिच्या धाकट्या भावाचं पंक्चरचं दुकान, मागे घर, मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीमुळे दुकानात कोण आलं, कुणाचं टायर फाटलं, कोण उगाच घासाघीस करतंय हे सगळं ताईला घरबसल्या कळायचं. त्या सकाळी कंत्राटदाराचा माणूस आला होता. नगरपालिकेची निवडणूक महिन्यावर आली होती आणि कंत्राटदार याही वेळी उभा होता.

"घरात मतं किती?" त्या माणसाने विचारलं.

"चार," धाकटा म्हणाला. "चारही तुमचीच समजा. मागच्या वेळीही चारही तुम्हालाच गेली होती."

"नक्की ना?"

"अहो, चारातली दोन तर मी माझ्या हाताने दिलीत!"

दोघं खळखळून हसले. इकडे खिडकीशी ताईच्या हातातला टॉवेल अर्धवट दुमडलेला तसाच राहिला.

तिने मनात हिशेब केला. धाकट्याचं एक. त्याच्या बायकोचं एक. आईचं एक. उरलं ते चौथं, ते आपलं. आणि आपण तर मागच्या वेळी कंत्राटदाराविरुद्ध उभ्या असलेल्या, वस्तीतल्या दाईबाईंना दिलं होतं. मतदानाच्या पडद्याआड उभं राहून धाकट्याच्या कानात हळूच सांगितलं होतं, "दाईबाई." त्याने शिक्का मारल्याचा आवाज आला होता. "झालं बघ," असंही तो म्हणाला होता.

ताईला दिसत नव्हतं. नवव्या वर्षी ताप आला, तो जाताना डोळे घेऊन गेला. आता पंचेचाळिशी उलटली होती. बावीस वर्षं ती एका खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात वेत विणत होती. न्यायालयातल्या, वाचनालयातल्या, दवाखान्यातल्या बैठका फाटलेल्या खुर्च्या तिथे ढिगाने यायच्या. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या चौकटीच्या छिद्रांतून ओढायच्या, दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या. एक छिद्र चुकलं की सगळी बैठक वाकडी. ताईचं छिद्र चुकत नसे. कारखान्यातला मिस्तरी, म्हणजे मोडक्या चौकटी सांधणारा सुतार, नव्या माणसाला काम शिकवताना म्हणायचा, "आधी डोळे मीट, मग वेतवाल्या बाईंसारखं विण. उघड्या डोळ्यांनी तुला जमायचं नाही."

मत द्यायला मात्र तिच्यासोबत कायम कुणीतरी जायचं. आधी वडील जात. ते तिचं बोट धरून मतपत्रिकेवरच्या प्रत्येक नावावर नेत, नाव वाचत आणि मग शिक्का तिच्याच हातात देत. वडील गेल्यावर धाकटा जाऊ लागला. तो घाईचा माणूस. "सांग कुणाला, मी मारतो," असं त्याचं काम. ताईने कधी हरकत घेतली नव्हती. सख्खा भाऊ, त्यात हरकत कसली घ्यायची?

दुपारी सगळे जेवायला बसले. आई, धाकटा, त्याची बायको आणि ताई. ताईने पहिला घास घेतला नाही.

"मागच्या वेळी माझं मत तू कुणाला दिलंस?"

धाकट्याचा चमचा ताटात थांबला. "तू सांगितलंस त्यांना. का?"

"मी कुणाला सांगितलं होतं?"

"ताई, जेवताना काय हे..."

"सकाळी खिडकी उघडी होती."

मग धाकट्याने सुस्कारा सोडला. खोटं बोलणं त्याला फार वेळ झेपत नसे, एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने होती.

"हो, दिलं कंत्राटदाराला. दुकान दोन हात पुढे घ्यायची परवानगी मिळवून देतो म्हणाला होता. घरासाठीच केलं ना? मी काय एकट्यासाठी पंक्चरं काढतो का? आणि दाईबाई तशाही दोनशे अकरा मतांनी पडल्या. तुझ्या एका मताने काय झालं असतं?"

"दोनशे नऊ झालं असतं," ताई म्हणाली.

"काय?"

"त्याचं एक कमी, तिचं एक जास्त. दोनशे नऊने पडली असती. त्यातली दोन तू खाल्लीस."

आई म्हणाली, "अगं, जाऊ दे ना आता. भाऊ आहे तुझा."

"भाऊ आहे म्हणून तर त्याच्या कानात सांगितलं, आई. परका असता तर सांगितलंच नसतं." ताई धाकट्याकडे वळली. "आणि त्याआधीच्या वेळा? तू माझ्याबरोबर पाच वेळा आलास. बाकीच्या चारांचं काय?"

"तेव्हा तू सांगितल्याप्रमाणेच दिलं. शपथ."

"ते मला कसं कळणार?"

ते तिला कळायला मार्गच नाही हे धाकट्याच्याही तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आलं असावं, कारण तो ताट तसंच टाकून उठला आणि दुकानात जाऊन उगाचच एका टायरवर हातोडी आपटत बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईने मिस्तरीला सगळं सांगितलं. मिस्तरी रोज त्या अर्ध्या तासात वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा. स्वतःला वाचायचं असे म्हणून वाचायचा, पण ताईला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचा. त्याने कपाळ खाजवलं. "थांबा, मी परवाच कुठेतरी वाचलं. दिसत नाही अशांसाठी काहीतरी पुठ्ठा असतो म्हणे. ठिपक्यांचा."

त्याने रद्दीतून परवाचा अंक शोधून काढला. निवडणूक कार्यालयाची सूचना होती, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. प्रत्येक केंद्रावर एक पुठ्ठ्याची चौकट ठेवलेली असेल. तिला ओळीने खिडक्या, प्रत्येक खिडकीशेजारी उठावाच्या ठिपक्यांत क्रमांक. मतपत्रिका चौकटीत सरकवायची, बोटाने क्रमांक वाचायचा आणि हव्या त्या खिडकीत शिक्का मारायचा. सोबत कुणी लागत नाही.

"हे कधीपासून आहे?" ताईने विचारलं.

मिस्तरीने पुन्हा वाचलं. "सहा वर्षं झाली म्हणतायत."

सहा वर्षांत तिने दोनदा मतदान केलं होतं आणि असला पुठ्ठा कुणी तिच्या हातात दिला नव्हता. मागितला नव्हता म्हणून दिला नव्हता. आहे हेच माहीत नसेल तर मागणार कशी?

तिने त्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काठी घेऊन एकटी निवडणूक कार्यालयात गेली. बस, मग सरळ रस्ता, मग सतरा पायऱ्या. टेबलामागच्या कारकुनाने पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणीच नाही? मग बोलायचं कुणाशी?"

"माझ्याशी बोला. माझं तोंड जागेवर आहे."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्कन हसलं. कारकून जरा वरमला. ताईने पुठ्ठ्याचं विचारलं. त्याने फाइल चाळली, आत जाऊन कुणालातरी विचारून आला. हो, नियम आहे. पुठ्ठे छापलेलेही आहेत. पण बाई, कशाला त्रास घेता, सोबत्याचा अर्ज भरा, घरचं कुणीतरी आणा, दोन मिनिटांत मोकळ्या व्हाल. सगळे तसंच करतात.

"सगळे म्हणजे किती?"

"म्हणजे... माझ्या वेळेत तरी पुठ्ठा कुणी मागितलेला नाही."

"मग मी मागते. मला तो नियम कागदावर लिहून द्या. क्रमांकासकट, शिक्क्यासकट."

"त्याची काही गरज नाही हो."

"तुम्हाला नसेल. त्या दिवशी केंद्रावर तुम्ही नसणार. तिथला माणूस म्हणेल, मला ठाऊक नाही. मग मी काय दाखवू? माझं तोंड?"

कारकुनाने लिहून दिलं. मनापासून नाही, पण व्यवस्थित लिहिलं. ताईने कागदाची घडी न घालता तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. मिस्तरीने नंतर तो दोनदा वाचून दाखवला, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

घरात त्या महिन्यात फार बोलणं होत नव्हतं. धाकटा "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलायचा. मतदानाच्या आदल्या दिवशी मात्र तो तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"उद्या येतो मी बरोबर. तू सांगशील त्यालाच देईन. आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस. मी एकटी जाणार."

"अगं, गर्दी असते. पडशील. लोक काय म्हणतील, भाऊ असून आंधळ्या बहिणीला एकटी पाठवली!"

"लोकांना सांग, बहीण ऐकत नाही. सगळ्यांना पटेल."

मतदान शाळेत होतं. ताई घरापासून पावलं मोजत गेली, फाटकाशी कुणाला तरी विचारून रांगेत उभी राहिली आणि पाऊण तासाने खडूचा वास येणाऱ्या एका वर्गात पोचली. यादीत नाव सापडलं. बोटाला शाई लागली. कुणीतरी पुकारलं, "सोबती कोण? पुढे या."

"सोबती नाही. मला ठिपक्यांचा पुठ्ठा हवा." तिने पाकीट पुढे केलं.

केंद्रप्रमुख हे शाळामास्तर होते. पहाटेपासून बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला. "बाई, असला पुठ्ठा मी जन्मात पाहिलेला नाही."

"मीही नाही. पण प्रत्येक केंद्रावर ठेवलाय असं लिहिलंय."

"आमच्या पेटीत नाही वाटतं. असं करू या, तुम्ही मला नाव सांगा, मी शिक्का मारतो. मी सरकारी माणूस आहे. कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही सांगणार नाही हो, पण तुम्हाला तर कळेल ना? मत गुप्त असतं ना? का फक्त डोळस माणसाचंच गुप्त असतं?"

मागून रांग कुरकुरायला लागली. एक बाई मोठ्याने म्हणाली, "अहो, आम्हाला पोरांचं जेवण करायचंय घरी! बाजूला घ्या ना त्यांना, इतरांना जाऊ द्या."

"तुम्ही बाजूला बसता का जरा?" मास्तरांनी विचारलं. "शोधतो आम्ही."

ताईला हे बाजूला बसणं चांगलं माहीत होतं. दवाखान्यात, बँकेत, लग्नकार्यात, सगळीकडे तिला कुणीतरी हाताला धरून बाजूला बसवत आलं होतं, आणि मग बसवणारा विसरून जायचा. तिने काठी दोन पायांच्या मध्ये रोवली.

"नाही. मी रांगेत उभी राहून इथवर आले. माझा नंबर आलाय. माझं झालं की पुढचं."

"अहो बाई..."

"तुम्ही शोधा. मी उभी आहे."

खोलीत एकदम गडबड उडाली. उमेदवारांचे प्रतिनिधी भिंतीशी बसले होते, त्यांतला एक उठून म्हणाला की हे मतदान रोखून धरणं आहे. दुसरा म्हणाला, कागदावर शिक्का आहे तर द्या त्यांना. ते दोघं आपसांतच जुंपले. शिपाई पेट्या उघडायला लागला. बाहेर ही बातमी रांगेतून फाटकापर्यंत आणि फाटकातून रस्त्यापर्यंत गेली आणि दहा मिनिटांत पंक्चरच्या दुकानात पोचली. धाकटा तसाच, हाताला काळं लागलेलं असताना, धावत आला.

"मी भाऊ आहे त्यांचा," तो धापा टाकत म्हणाला. "कुठे सही करायची?"

"या, या," मास्तरांच्या बसक्या आवाजातही जीव आला. "सुटलो! बाई, तुमचे भाऊ आलेत."

"भाऊ आहे माझा, खरंय," ताई म्हणाली. "पण माझा सोबती नाही."

"का?" मास्तरांनी विचारलं. "सख्खा भाऊ आहे ना?"

धाकट्याचा श्वास ताईला ऐकू येत होता. रबराच्या सोल्युशनचा वास येत होता. रांगेत वस्तीतलीच माणसं होती. त्याची गिऱ्हाइकं होती, कंत्राटदाराचा माणूसही तिथेच भिंतीशी होता. एका वाक्यात ती त्याला सगळ्यांसमोर नागवा करू शकली असती. महिनाभर ते वाक्य तिच्या जिभेवरच होतं.

"कारण द्यावं लागतं असं नियमात लिहिलंय का?" तिने विचारलं.

मास्तरांनी कागद पुन्हा पाहिला. "नाही. तसं काही नाही."

"मग मी देत नाही."

धाकटा मागे सरकला. त्याच्या चपलेचा आवाज दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

तेवढ्यात शिपाई ओरडला, "सापडला!" पुठ्ठा मेणबत्त्या आणि सुतळीच्या गठ्ठ्याखाली, न फोडलेल्या पाकिटात होता. मास्तरांनी पाकीट फोडलं आणि पुठ्ठा ताईच्या हातात दिला. तिने अंगठा वरून खाली फिरवला. एक, दोन, तीन. बारीक, टोचणारे, स्वच्छ ठिपके. आठव्या खिडकीवर अंगठा थांबला, कारण पुढे पुठ्ठाच संपला होता.

"उमेदवार किती आहेत?"

मास्तरांनी मतपत्रिका पाहिली. "अकरा." मग त्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला. "अरेच्चा. हा मागच्या निवडणुकीचा पाठवलाय त्यांनी."

प्रतिनिधींमधला एक हसला. "घ्या! आता आठांतलाच एखादा निवडा बाई."

रांगेतली मघाची बाई, पोरांच्या जेवणाची, तिचा आवाज एकदम चढला. "हसताय काय? मेल्यांनो, एक पुठ्ठा धड पाठवता येत नाही, आणि हसतायत!"

ताई हसली नाही आणि रडलीही नाही. तिने मतपत्रिका मागून घेतली. मास्तरांनी ती कोरी, न दुमडलेली दिली. तिने कागदाच्या चारी कडा बोटांनी तपासल्या, मग तो चौकटीत सरकवून पाहिला.

"सगळे रकाने सारख्या उंचीचे आहेत?"

"हो."

"वरच्या कडेला आणि खालच्या कडेला कोरी जागा आहे?"

"नाही. पहिलं नाव अगदी वरून सुरू होतं, शेवटचं अगदी खाली संपतं."

"आणि या चौकटीच्या खिडक्याही तेवढ्याच उंचीच्या?"

मास्तरांनी कागद पुठ्ठ्यावर ठेवून पाहिला. "तंतोतंत."

"मग मला आठ पुरतात," ताई म्हणाली. "पुठ्ठा वरच्या कडेला लावला तर एक ते आठ. खालच्या कडेला लावला तर चार ते अकरा. कुठे लावायचा ते मी पडद्याआड ठरवीन. छिद्रं मोजायचाच माझा धंदा आहे. फक्त नावं क्रमाने वाचून दाखवा. दोघांनी. एकाने वाचून झाल्यावर दुसऱ्याने."

"दोघांनी कशाला?"

"एकाच्या वाचण्यावर मी आजवर पुष्कळ वेळा विश्वास ठेवलाय."

आधी मास्तरांनी वाचलं. मग ती कुरकुरणारी बाई आपण होऊन पुढे आली आणि तिने एक ते अकरा नावं खणखणीत आवाजात वाचली. दोन्ही याद्या जुळल्या. ताईने ओठांत एकदा म्हणून पाहिल्या.

"एक सांगतो बाई," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पुठ्ठा जरा सरकला आणि शिक्का रेषेवर पडला, तर मत रद्द होईल. मग एवढं सगळं फुकट जाईल. अजूनही विचार करा."

"रद्द झालं तर माझ्या हाताने रद्द होईल."

पडद्याआड ती किती वेळ होती यावर वस्तीत पुढे बरेच वाद झाले. कुणी म्हणे दोन मिनिटं, कुणी म्हणे दहा. तिला स्वतःला फक्त एवढं आठवतं की आत कुणी नव्हतं. कानाशी कुणाचा श्वास नव्हता, "लवकर सांग" नव्हतं. लाकडी फळी, कागद, पुठ्ठा आणि दोरीने बांधलेला शिक्का. तिने कागद कडेला टेकवला, डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरला, खिडक्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. मग शिक्का उभा धरून दाबला.

तिने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, घडी केली, बाहेर येऊन पेटीची फट बोटाने शोधली आणि घडी आत टाकली. कुणीतरी टाळी वाजवली. ताईला ते आवडलं नाही.

"टाळ्या कसल्या वाजवता," ती म्हणाली. "तुम्ही मत दिल्यावर वाजवतात का?"

संध्याकाळी धाकटा उशिरापर्यंत दुकानातच होता. भावजय भाज्या निवडत ताईशेजारी येऊन बसली. एक जुडी संपली, दुसरी घेतली, मग ती हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? कुणाला बोलू नका."

"सांग."

"मागच्या वेळी मीही कंत्राटदाराला दिलं नव्हतं. हे सांगतात कुणाला द्यायचं, मी मान डोलावते, आणि आत जाऊन मला हवं त्याला देते. बारा वर्षं झाली."

ताईला हसू आवरेना. "अगं बाई! आणि तो तिकडे छाती फुगवून सांगतोय, चारही पक्की!"

"सांगू दे की. त्यांना बरं वाटतं." भावजयीने जुडीची दोरी सोडली. "तुम्हाला कधी कधी सांगावंसं वाटलं. पण तुमच्याबरोबर तर हेच असायचे. वाटायचं, तुम्हाला कशाला वाईट वाटायला लावा."

पलीकडे पलंगावर आईने कूस बदलली. दोघींना वाटलं होतं ती झोपलीय.

"मी कंत्राटदारालाच देते," आई म्हणाली. "पण ते काही हा सांगतो म्हणून नाही हं. दिसायला बरा आहे तो."

निकाल चार दिवसांनी लागला. कंत्राटदार पुन्हा निवडून आला, दाईबाई पुन्हा पडल्या, या वेळी एकशे चाळीस मतांनी. मिस्तरीने कारखान्यात सगळे आकडे वाचून दाखवले आणि शेवटी म्हणाला, "रद्द मतं, चौदा."

ताईचा हात थांबला. चौदा. त्यात आपलं असेल? कागद सरकला असेल? ती दोन-तीन दिवस त्याच विचारात होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्याही तिची बोटं चादरीवर खिडक्या मोजायची. ते कळायला काही मार्ग नव्हता आणि पुढेही नसणार होता. धाकट्याने तर एकदा चिडून म्हटलंच, "बघ, एवढा तमाशा करून मत रद्दच झालं असेल."

"असेल," ताई म्हणाली. "इतर तेरा जणांना तर सगळं दिसत होतं. त्यांचंही झालंच ना?"

आणि मग तिने मिस्तरीला कागद-पेन घेऊन बसवलं. निवडणूक कार्यालयाला पत्र. आठ खिडक्यांचा पुठ्ठा अकरा उमेदवारांना का पाठवला, पाकीट मेणबत्त्यांखाली का होतं, केंद्रप्रमुखांना ते दाखवलं का नव्हतं. मिस्तरीने मध्येच "नम्र विनंती" असा शब्द घातला, तर वाचून दाखवताना तिने तो काढायला लावला. "विनंती कशाची? नियम त्यांचाच आहे." महिन्याभराने एका ओळीचं उत्तर आलं, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. तिने दुसरं पत्र पाठवलं, नोंद घेतली म्हणजे नेमकं काय केलं. त्याला उत्तर आलं नाही. तिने तिसरं पाठवलं. मिस्तरी म्हणायचा, बाईंनी आता कार्यालयाचीच बैठक विणायला घेतलीय.

धाकट्याची परवानगी काही आली नाही. कंत्राटदाराचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा टायर फुकटात दुरुस्त करून घेऊन गेला. तिसऱ्या वेळी धाकट्याने त्याच्याकडून पूर्ण मजुरी घेतली आणि हे ताईने खिडकीतून ऐकलं.

ताईने मत कुणाला दिलं हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मिस्तरीला नाही, भावजयीलाही नाही. वस्तीतल्या सगळ्यांना वाटतं ते ठाऊक आहे. स्वतः दाईबाई एकदा रस्त्यात भेटून तिचे हात हातात घेऊन "तुमचे उपकार" म्हणायला लागल्या, तर ताई म्हणाली, "कशावरून?" दाईबाई गोंधळल्या. ताईने त्यांचे हात प्रेमाने दाबले आणि पुढे निघाली. धाकट्याने आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा तर गमतीत तिच्या आवडीची मिठाई आणून विचारलं. तिने मिठाई खाल्ली.

पुढे सहा-सात महिन्यांनी एका सकाळी पदपथ खणून ठेवला होता म्हणून तो तिला कारखान्यापर्यंत सोडायला निघाला. अर्धा रस्ता झाला. मग तो म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी मोठी निवडणूक आहे."

"माहीत आहे."

"मी... म्हणजे, तुला चालत असेल तर..." त्याने घसा साफ केला. "मी येऊ का तुझ्याबरोबर?"

ताई चालत राहिली. समोर खड्डा होता, काठीने तो सांगितला, तिने वळसा घातला.

"ये की," ती म्हणाली. "रस्ता काही माझ्या एकटीचा नाही. ये आणि रांगेत माझ्या मागे उभा राहा."